रुजू होण्याची शक्यता

एम.बी.ए. करताना मी संगणकाचा पडदा पेन्सिलीनं काढलेला आहे. आमच्या कॉलेजात बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्सचं जर्नल हातानं लिहावं लागायचं. एक्सेलचं पान जसं दिसतं तसं, रकाने, ओळी, वरची ए-बी-सी-डी, सगळं पट्टीनं आखायचं आणि त्यात आकडे भरायचे. प्रिंट चालत नव्हती. प्रिंट काढली की मुलं एकमेकांची नक्कल करतात, हातानं काढलं की करत नाहीत, असा वरच्यांचा समज होता. आम्ही हातानं नक्कल करायचो. लॅबमधल्या संगणकांवर धूळ बसू नये म्हणून सोलापुरी चादरी घातलेल्या असायच्या आणि त्या निघायच्या फक्त परीक्षेच्या आठवड्यात. अशा ठिकाणी मी माहितीच्या जोरावर धंदा कसा चालवावा हे शिकले.

दुसरा विषय क्वांटिटेटिव्ह डिसिजन मेकिंग. म्हणजे आकड्यांनी निर्णय घ्यायची विद्या. दोन्ही विषय एकच सर शिकवायचे, कारण दुसरं कुणी टिकत नव्हतं. सर बारीक, नीटनेटके, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. कुणावर ओरडणार नाहीत, कुणाची चेष्टा करणार नाहीत. लोकांची जशी देवावर श्रद्धा असते तशी त्यांची आकड्यांवर होती. "निर्णय पोटातून घ्यायचा नसतो, कागदावर घ्यायचा असतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. मला ते फार पटायचं.

खरं सांगायचं तर तो विषय मला नुसता पटायचा नाही, आवडायचा. पर्याय मांडायचे, प्रत्येकाची शक्यता लिहायची, फायद्याला शक्यतेनं गुणायचं आणि मोठा आकडा येईल तिकडं जायचं. निर्णय इतका साधा असू शकतो हे बघून मला हलकं वाटायचं. आमच्या घरात नवा फ्रीज कुठल्या भिंतीला लावायचा हे ठरेपर्यंत दिवाळी उलटून गेली होती आणि तोवर तो पुठ्ठ्यासकट जिन्याखाली उभा होता.

शेवटच्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीचा कॉलेजला निरोप आला. त्यांना शिकाऊ अॅनालिस्ट हवे होते. आदल्या वर्षी त्यांनी आमच्याकडच्या दोन मुली निवडल्या होत्या आणि दोघीही रुजू झाल्या नव्हत्या. म्हणून या वेळी त्यांनी बजावलं होतं की एकच उमेदवार पाठवा, आणि जो खरंच येईल तोच पाठवा. आमच्याकडं येणारी नावाजलेली अशी ती एकच कंपनी. बाकीच्या यायच्या त्या विम्याच्या नाहीतर दारोदार फिरून काहीतरी विकायच्या. त्यामुळं वर्गात जे कुणी अभ्यास करत होतं ते या एका जागेसाठी करत होतं. मी तर तेवढ्यासाठीच करत होते.

सरांनी ठरवलं की ही निवडसुद्धा कागदावर करायची, वर्गासमोर, प्रात्यक्षिक म्हणून. प्रोजेक्टर लावला. डावीकडं नावांच्या जागी रोल नंबर. मग गुण, हजेरी, इंग्रजी, संगणकाचं प्रॅक्टिकल, आणि या सगळ्यांचे मिळून शंभरपैकी किती ते. इथपर्यंत मी सगळ्यांत वर होते, ब्याऐंशीवर. माझ्या शेजारणीनं मला कोपरानं ढोसलं. मग सरांनी आणखी एक रकाना जोडला आणि त्याला नाव दिलं, 'रुजू होण्याची शक्यता'. मुलांपुढं सरसकट पॉइंट नऊ. मुलींपुढं सरसकट पॉइंट तीन.

एंटर दाबलं, गुणांना शक्यतेनं गुणलं गेलं आणि माझे ब्याऐंशी साडेचोवीसवर आले. प्रॅक्टिकलला मागच्या बाकावरून मला "अगं, व्हीलुकअपचं स्पेलिंग काय" असं विचारणारा मुलगा माझ्या दुपटीवर गेला. पहिला आला माढ्याहून रोज एस.टी.नं येणारा एक मुलगा. हुशार होता तो, प्रश्न त्याचा नव्हता. सगळ्या मुली यादीच्या तळाशी गेल्या, चहाच्या गाळासारख्या. वर्गात थोडं हसू झालं. सर म्हणाले, "हसू नका. याला एक्स्पेक्टेड व्हॅल्यू म्हणतात."

मी उभी राहिले. माझा आवाज चढला होता हे मला आजही आठवतं आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. म्हटलं, "सर, दोन मुलींवरून शक्यता काढता येत नाही. नमुना लहान आहे, हे तुम्हीच शिकवलंय. आणि मागच्या वर्षी एक मुलगा पुण्याहून आठवड्यात परत आला, तिकडं भाकरी मऊ मिळते म्हणून. त्याचं काय?"

"तो रुजू तर झाला होता," सर शांतपणे म्हणाले.

"मग माझं मला विचारा. माझ्या घरी विचारा."

हे सरांना मान्य झालं. नवी माहिती आली तर शक्यता बदलायची असते, हाही त्यांचाच धडा. त्यांनी तिथल्या तिथं माझ्या वडिलांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत आमचं भुसार मालाचं दुकान आहे. फोनमध्ये आधी रिक्षाचा हॉर्न ऐकू आला, मग कुणीतरी तूरडाळीचा भाव विचारलेला, मग अप्पांचा आवाज. सरांनी सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, नोकरी लागली तर मुलीला पुण्याला पाठवणार का?

"पाठवू की सर," अप्पा म्हणाले. "मग शिकवलंय कशाला? लई हुशार हाय वो ती."

सगळ्या वर्गानं ऐकलं. सरांनी माझ्यापुढचा पॉइंट तीन खोडून पॉइंट नऊ केला, पुन्हा एंटर दाबलं आणि मी वर आले. माढ्याचा मुलगा दुसरा झाला. बाकीच्या मुलींचे आकडे तसेच राहिले, कारण त्यांच्यापैकी कुणीच उठून घरी फोन लावायला सांगितलं नाही. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. भित्र्या आहेत झालं, असं म्हणून मी मोकळी झाले होते.

मुलाखतीला अप्पा माझ्याबरोबर आले. दुकान सोडून सहसा कुठं न जाणारा माणूस इस्त्रीचा सदरा घालून कंपनीच्या काचेच्या दाराबाहेर पायरीवर बसून राहिला. आतल्या बाईंनी सोफ्यावर बसा म्हणून दोनदा सांगितलं, तरी उठला नाही. परतताना त्यांनी मला विचारलं, "काय काय इचारलं?" मी सांगत गेले. त्यांना त्यातलं काही कळलं नसेल, पण भिगवण जाईपर्यंत त्यांनी डोळा लागू दिला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. अप्पा खोटं बोलले होते असं कुणाला वाटू नये.

माझी निवड झाली. दुकानात पेढे वाटले. दोडप्पांनी, म्हणजे अप्पांच्या थोरल्या भावांनी, गिऱ्हाइकाला पुडी बांधून देता देता सांगितलं, "आमची पोर पुण्याला साहेब झाली." आमचं दोन भावांचं घर एकत्र आहे आणि दुकानही. घरात कन्नड नि मराठी दोन्ही चालतात. निवडीचा आनंद दोन्ही भाषांत झाला. कंपनीचं पत्र आलं, रुजू व्हायची तारीख आली, आणि त्याआधी माझा होकार कळवायचा होता.

आता इथून पुढं जे झालं ते मी अनेकांना सांगून बघितलं. सगळे विचारतात, मग कुणी विरोध केला? म्हणून जसं झालं तसंच लिहिते.

अप्पा म्हणाले, "मी तर व्हय म्हणलोच हाय. फक्त अण्णांच्या कानावर घालतो. थोरल्यांना न इचारता पोरगी धाडली, असं नको."

अण्णा म्हणजे दोडप्पाच. ते दुकानात गादीवर बसून होते. म्हणाले, "नोडोण." म्हणजे कन्नडमध्ये बघू या. मग मराठीत म्हणाले, "माजी काय हरकत न्हाय. पर पोर बाहेर राहनार, तर तिच्या आईचं मन बगा आदी."

आई म्हणाली, "माझ्या मनाचं काय घेऊन बसलीस? दोडव्वा मोठी हाय. उद्या काय कमीजास्त झालं तर म्हणंल, मला कुणी इचारलं?"

दोडव्वा, म्हणजे माझी थोरली काकू, भाकरी थापत होती. "जाऊ दे की," म्हणाली. "मी कोण नको म्हणनार? फक्त ऱ्हायचं कुटं तेवढं बगा. माज्या भावाचा पोरगा हाय तितं, त्याला इचारून सांगते."

भावाचा पोरगा फोनवर म्हणाला, जागा बघतो, पण तुझ्या वडिलांनी एकदा फोन करावा, मी परस्पर कसा पुढं होऊ?

मी अप्पांकडं गेले. अप्पा म्हणाले, "मी कसा फोन करू? अण्णा अजून व्हय म्हणले कुटं? हरकत न्हाय एवढंच म्हणलेत."

मग मी परत दोडप्पांकडं गेले. दोडप्पांनी आईचं काय ठरलं ते विचारलं.

एक्सेलमध्ये एका खणाचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून ठेवलं आणि दुसऱ्याचं पहिल्यावर, तर त्याला सर्क्युलर रेफरन्स म्हणतात. आम्ही तो धडा पेन्सिलीनं बाण काढून जर्नलमध्ये लिहिलेला आहे. एक्सेल लगेच कुरकुर करतं, चूक झाली म्हणून पाटी दाखवतं आणि त्या खणात शून्य टाकून मोकळं होतं. आमच्या घरानं पाटी दाखवली नाही. शून्यसुद्धा टाकलं नाही. रोज जेवण होत होतं, रोज कुणीतरी "झालं का गं पुण्याचं?" म्हणून मायेनं विचारत होतं, आणि पुण्याचं घोंगडं भिजत पडलं होतं.

कंपनीतल्या एक बाई फोन करायच्या. मी म्हणायची, उद्या कळवते. त्यांनी एकदा तारीख वाढवून दिली. चांगल्या होत्या बिचाऱ्या. दुसऱ्यांदा त्यांनी वाढवून दिली नाही, आणि एका दुपारी ईमेल आला की आपला होकार न आल्यानं आम्ही ही जागा मागं घेत आहोत, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. मी तो दुकानात उभी राहून वाचला. समोर पोत्यांची थप्पी होती आणि अप्पा तराजूत ज्वारी घालत होते.

लोक म्हणतात, तू सरळ बॅग भरून निघून का गेली नाहीस? मीही स्वतःला हेच विचारायची, पहिले काही महिने तर रोजच. ज्या घरात 'नाही' म्हणतात तिथून भांडून निघता येतं. दार आपटता येतं, रडता येतं, वर्षभर अबोला धरता येतो. आमच्याकडं भांडायला समोर माणूसच नव्हता. जिच्याशी भांडायला जावं ती म्हणणार, अगं मी तर तुझ्याच बाजूनं. माझ्या बाजूनं सगळे होते. सगळ्यांच्या मायेत मी चिखलात बैल रुतावा तशी रुतले.

ईमेलचं सांगितल्यावर घरात सुतकासारखं झालं. आईनं डोळे पुसले. दोडप्पा म्हणाले, कंपन्या असल्याच, दम धरत न्हाईत. अप्पांनी दुकानाच्या किल्ल्या खुंटीला लावल्या. मग मला म्हणाले, "आमी कुटं नको म्हणलो बाळ?"

खरंच म्हणाले नव्हते. त्या एका वाक्यानं मी जितकी जळले तितकी आयुष्यात कशानं जळले नाही.

मी कॉलेजात जाऊन सरांना सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, बोल लावला नाही. माझ्यासमोरच त्यांनी कंपनीला फोन करून माढ्याच्या मुलाला घ्याल का विचारलं. कंपनीनं सांगितलं, या वर्षी तुमच्याकडचं कुणी नको. तो मुलगा नंतर आपलं आपण पुण्याला गेला आणि कुठल्याशा गोदामात माल नोंदवायच्या कामाला लागला. एकदा स्टँडवर भेटला तेव्हा म्हणाला, "जाऊ दे गं, होतंय असं." त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. चांगल्या माणसांनी माझा पार कंटाळा आणला आहे.

या वर्षी मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. जितके तास, तितकं मानधन. घरून कॉलेज जवळ पडतं, त्यामुळं ही नोकरी धरायला कुणाला विचारावं लागलं नाही. प्रॅक्टिकलच्या तुकड्या माझ्याकडं आहेत, आणि चादरी काढून घडी करून ठेवायचं कामही. मुलं पट्टीनं रकाने आखतात आणि मी त्यावर लाल पेनानं टिक करते.

यंदा त्या कंपनीचा राग निवला आणि पुन्हा निरोप आला, एकच उमेदवार पाठवा. सरांनी पुन्हा प्रोजेक्टर लावला, मी वायर जोडून दिली. तेच रोल नंबर, तेच रकाने. मुलांपुढं पॉइंट नऊ. मुलींपुढं पॉइंट दोन.

या वर्गात एक मुलगी आहे, शहराच्या पूर्व भागातली. घरी तेलुगू बोलतात, वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत. गुणांत ती सगळ्यांच्या वर होती. एंटर दाबल्यावर ती सहाही मुलांच्या खाली, सातवी आली. ती माझ्यासारखी तावातावानं उठली नाही. बसल्या जागेवरून हात वर करून म्हणाली, "सर, माझी आई पुण्याला जाऊन हॉस्टेल बघून आली. माझं पॉइंट दोन बरोबर नाही."

सरांनी माऊस बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पालक तयार असतात गं. मागच्या वर्षी मी स्वतः फोन केला होता, सगळ्या वर्गासमोर. वडील हो म्हणाले. मुलाखतीला सोबत गेले. तरी नाही झालं. म्हणून आता मी फोनवर आकडा बदलत नाही." हे बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. तेवढी सभ्यता त्यांच्याकडं आहे. मी प्रोजेक्टरच्या बाजूला उभी होते आणि यादीत पहिला रोल नंबर कुणाचा आला ते वाचत होते.

तास संपल्यावर ती मुलगी व्हरांड्यात माझ्यासाठी थांबली होती. म्हणाली, "मॅडम, ती मागच्या वर्षीची मुलगी तुमच्याच बॅचची असेल ना? तिचा नंबर मिळेल का? मला तिला एक विचारायचंय."

"मला विचार," मी म्हणाले. "ती मीच."

मला वाटलं, आता ही चिडेल. चिडावं असं फार वाटत होतं. ती चिडली नाही. प्रॅक्टिकलमधली एखादी शंका विचारावी तसं तिनं विचारलं, "मग मॅडम, तुमच्या घरी नको म्हणून कोण म्हणालं? म्हणजे माझ्या घरी तसं कुणी असलं तर मी आधीच त्यांची समजूत काढून ठेवते. पुढच्या कुठल्या कंपनीला तरी उपयोग होईल."

मी खूप विचार केला. अप्पांपासून दोडव्वाच्या भावाच्या पोरापर्यंत एकेकाचं तोंड डोळ्यांपुढं आणलं.

"कुणीच नाही," मी म्हणाले.

तिनं हातातली वही मिटली. मग बॅग खांद्याला लावून म्हणाली, "सांगायचं नसलं तर राहू द्या मॅडम," आणि जिना उतरून गेली.